पहिली खेळी ह्यांची

आमच्या ह्यांनी एक खेळ शोधून काढला. तो आता खोक्यात मिळतो. खोक्यावर ह्यांचं नाव आहे, आत पिशवीभर लाकडी दाणे आहेत आणि एक गोल पाट आहे, तो हात लावला की गर्रकन फिरतो. घरी येईल त्याला तो दाखवला जातो. मग पाहुणे माझ्याकडे वळून म्हणतात, "वहिनी, तुम्ही खेळता की नाही?" मी विचारते, "चहाला साखर किती?"

मी चिडून सांगतेय असं वाटलं तर वाटू दे. चिडूनच सांगतेय.

मुळात हा खेळ ह्या घरात आणला मी. माझं माहेर वर्ध्याकडचं. आम्ही बहिणी अंगणात टाचेने खळगे करायचो, दोन ओळी समोरासमोर, एक ओळ तुझी, एक माझी. प्रत्येक खळग्यात चार चार चिंचोके. खळग्याला म्हणायचं घर. आपल्या ओळीतलं एक घर उचलायचं आणि पुढच्या घरांमधून एकेक चिंचोका पेरत जायचं. शेवटचा चिंचोका आपल्या रिकाम्या घरात पडला की समोरच्या घरातले सगळे आपले. शेवटी ज्याच्याकडे जास्त, तो जिंकला. इतकंच. नावही नव्हतं त्याला, "चिंचोके खेळू" म्हणायचो. नियम मात्र एक होता आणि तो मोडला तर झिंज्या धरायची वेळ यायची: हारली तिचा डाव आधी. म्हणजे जी हरली तिने पुढच्या डावाची सुरुवात करायची. का, ते कुणाला माहीत नव्हतं. मोठ्या बहिणीने सांगितलं, तिला आईने सांगितलं, झालं.

लग्न होऊन मी खडकीला आले. हे दारूगोळ्याच्या कारखान्यात टूलरूमला होते, आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि सासूबाई आमच्याजवळ. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही वर्षाची चिंच फोडायला बसलो आणि चिंचोक्यांचा ढीग झाला. माझे हात शिवशिवायला लागले. शेजारणीकडून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला, दोन ओळी फाडल्या. सासूबाई किंचाळल्या, "अगबाई, अंड्याचा पुठ्ठा? माझ्या घरात?" मी म्हटलं, अंडी नाहीत हो त्यात, चिंचोके आहेत. तेवढ्यात हे ड्युटीवरून आले. "हे काय?" म्हणाले. मी सांगितलं कसं खेळायचं ते. समोर बसले. मी माझं घर उचलणार, तर सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आधी त्याला खेळू दे. दमून आलाय."

आता दमून येण्याचा आणि आधी खेळण्याचा संबंध काय? पण नवी नवरी, मी हात मागे घेतला. हे आधी खेळले आणि जिंकले. मी म्हटलं, "हारली तिचा डाव आधी." सासूबाई हसायला लागल्या. "हारली काय? हरली म्हणावं. काय बाई तुमच्याकडची भाषा." हेही हसले. आणि हसता हसता ह्यांनी दुसऱ्या डावाचं पहिलं घर उचललंसुद्धा.

तेव्हापासून जे ठरलं ते ठरलं. पहिली खेळी ह्यांची. मी हरायची. कधीमधी बरोबरी झाली असेल, पण जिंकले म्हणून नाही. घरात सगळे म्हणायचे, त्याचं डोकंच तसं आहे. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग एका दुपारी आमच्या दोघी मुली झोपल्या असताना मी एकटीच खेळत बसले, उजवा हात विरुद्ध डावा हात. जो हात आधी खेळला तो जिंकला. हात बदलला, तरी तेच. परत खेळले, तरी तेच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी मठ्ठ नव्हते. खेळच तसा होता, आणि म्हणूनच आमच्याकडे हरणारीला आधी खेळू देत, म्हणजे फिटंफाट होई. संध्याकाळी हे चपला काढत होते तेवढ्यातच मी सांगितलं.

हे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सासूबाईंना ते फार आवडलं. त्यांनी ते शेजारी सांगितलं. पुढे मुली मोठ्या झाल्या, त्यांनाही ते पाठ झालं. मी हरले आणि काही बोलायला तोंड उघडलं की सगळे मिळून म्हणायचे. हरणाऱ्याने नियमाबद्दल बोलायचं नसतं हे मी तेव्हा शिकले. बोललं की लोकांना तुमचं हरणंच दिसतं, नियम दिसत नाही.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, मुली लग्न होऊन लांब गेल्या, हे रिटायर झाले आणि आम्ही कोथरूडला फ्लॅटमध्ये आलो. टूलरूमच्या माणसाला फ्लॅटमध्ये काय काम असतं? नळाचे वॉशर बदलून झाले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, मग माझ्या डब्यांची झाकणं तपासायला लागले. त्यातच एकदा धाकटी आली ती परदेशी खेळांची दोन खोकी घेऊन. बुद्धिबळ नाही, सापशिडी नाही, हल्लीच्या माणसांनी डोकं लढवून नवीन काढलेले खेळ. एका खोक्याच्या मागे तर चक्क लिहिलं होतं की जुन्या खळग्यांच्या खेळावरून सुचला. ह्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तर आपल्या चिंचोक्यांसारखं आहे. ह्याहून चांगला मी करीन."

आपल्या चिंचोक्यांसारखं. ठीक आहे, म्हटलं, आपल्या तर आपल्या.

आणि त्यांनी केला. नावं ठेवायला मी कमी करत नाही, पण हात सोन्याचा आहे माणसाचा. बाल्कनीत बसून सागवानाचा गोल पाट केला, त्यात दोन्ही बाजूंना सहा सहा घरं कोरली, आणि घरं आतून इतकी गुळगुळीत की बोट फिरवत बसावं. खाली बेअरिंग बसवलं, म्हणून पाट फिरतो. एक दाणा लाल. पेरताना तो ज्याच्या हातून शेवटी पडेल त्याने पाट एक घर पुढे फिरवायचा, म्हणजे कुणाचं घर कुणाकडे जाईल सांगता येत नाही. ही कल्पना पूर्ण त्यांची, आणि चांगली आहे. माणूस सकाळी उठून शिट्टी वाजवायला लागला. बाकी कशाने त्यांचा दिवस जात नव्हता, ह्याने जायला लागला.

मग चाचणी. रोज दुपारचा चहा झाला की मी समोर. पहिली खेळी ह्यांची. डावीकडून दुसरं घर उचलायचे, लाल दाणा बरोबर शेवटी पडायचा, पाट फिरायचा, की माझं वाटोळं. जिंकले की म्हणायचे, "बसतंय हं. नीट बसतंय."

मी पुन्हा सांगून पाहिलं. "अहो, जो आधी खेळतो तोच जिंकतो. एकदा तरी मला आधी खेळू द्या."

"तसं नसतं," हे म्हणाले. "चाचणी घेताना एक गोष्ट कायम ठेवावी लागते. कारखान्यात आम्ही तसंच करायचो."

कायम ठेवायची गोष्ट कोणती, तर ह्यांची पहिली खेळी! कर्म माझं. मग सोसायटीतले लोक यायचे. घर ह्यांचं, खेळ ह्यांचा, वर पांढरे केस, तेव्हा कोण म्हणणार मी आधी खेळतो म्हणून? "आपण सुरुवात करा, आपण," असं म्हणत सगळे बसायचे आणि हरून उठायचे. "काय डोकं आहे हो तुमचं!" ह्यांना ते खरं वाटायचं. इतकी माणसं आदराने हरत होती की खेळात खोट आहे हे बाहेर यायला जागाच उरली नव्हती.

नारायण पेठेत एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी तरुण मुलंमुली जमतात आणि असे नवे खेळ खेळतात. त्यांच्यापैकी काही जण दरवर्षी एखादा खेळ निवडून छापतात, असं धाकटीनेच शोधून सांगितलं. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पाट माझ्या जुन्या साडीत गुंडाळून मी पिशवीतून नेला. रिक्षात हे दोनदा म्हणाले, "घेतील ना गं?" लग्नासाठी मुलगी बघायला आले होते तेव्हासुद्धा इतके घाबरलेले नव्हते.

तिथली सगळी व्यवस्था एक मुलगी बघत होती. आखूड केस, काळं नेलपॉलिश, बोलायला एकदम गोड. ती ह्यांच्यासमोर बसली. हे तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तू लहान आहेस बेटा, तू आधी खेळ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इतकी वर्षं मी समोर बसले, एकदा, एकदा तरी हे शब्द तोंडातून निघाले होते का? पण बाहेर आमचे हे फार उदार.

ती आधी खेळली आणि जिंकली. हे म्हणाले, "वा! आता पुन्हा, लेडीज फर्स्ट." ती पुन्हा जिंकली. तिच्या शेजारचा एक जण बसला. हे आता घामाघूम झालेले, पण उदारपणा कुठे सुटतोय! त्यालाही आधी खेळू दिलं. तोही जिंकला. मुलीने पाट पहिल्यासारखा मांडला, डावीकडून दुसरं घर उचललं आणि म्हणाली, "काका, गेम सुपर्ब आहे. हा फिरणारा बोर्ड तर कमाल आहे. पण ब्रोकन आहे हो. फर्स्ट प्लेयरने हे ओपनिंग केलं की संपलं, समोरचा काहीच करू शकत नाही."

ह्यांनी तिच्यापुढे हात जोडले. खरंच जोडले. "अगदी बरोबर," म्हणाले. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर रिकामी पिशवी. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील. नुसतं बघतील, बोलायला नको. ह्यांनी बघितलंसुद्धा. म्हणाले, "पाण्याची बाटली दे."

ती मुलगी भली होती. म्हणाली, दिवाळीपर्यंत काहीतरी तोडगा काढा, मग आम्ही नक्की विचार करू. परत येताना रिक्षात हे मला समजावून सांगत होते, "पहिल्या खेळाडूला मुळातच फायदा असतो. असं एक तत्त्वच आहे म्हणे." मी म्हटलं, "म्हणजे अंगण वाकडं होतं." "काय?" "काही नाही," मी म्हटलं. "सिग्नल लागला."

घरी आल्यावर पाट दिवाणाखाली गेला. शिट्टी बंद झाली. दाढीचे खुंट वाढायला लागले. टीव्हीवर काय लागलंय ते न बघता टीव्हीसमोर बसायचे. वाटलं, बरी खोड मोडली. पण काय करणार? एवढ्या वर्षांचा संसार, माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला बघवत नाही. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे हरलेल्याला पुढच्या वेळी आधी खेळू देतात, तसं करा. तर म्हणाले, "ते नाही चालत. मी विचारलं होतं त्या मुलीला. लोक एकच डाव खेळून उठतात. त्या एकाच डावात दोघांना सारखी संधी हवी." आणि पुन्हा टीव्हीकडे.

मग एका दुपारी मी नारळाच्या वड्या थापल्या होत्या, मुलींना पाठवायला. हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तोंड पाडून बसलेले. मी सुरीने कापत होते आणि मला मुलींची भांडणं आठवली. मोठा तुकडा कुणाला ह्यावरून दोघी घर डोक्यावर घ्यायच्या. मग मी नियम केला: थोरलीने कापायचं, धाकटीने आधी उचलायचं. काय सांगू, थोरली अशी मापून कापायला लागली की सोनारानेही बघत बसावं.

सुरी तशीच हातात ठेवून मी म्हटलं, "अहो, तुमच्या खेळात असं करा. एकाने पहिली खेळी खेळायची. मग दुसऱ्याने बघायचं. ती खेळी भारी असेल तर दुसऱ्याने पाट अर्धा फिरवायचा आणि तीच बाजू आपली करायची. नसेल तर राहू द्यायचं. म्हणजे पहिला मुद्दामच बेताची खेळी करील, कारण भारी केली तर ती हातची जाईल. तुमचा पाट फिरतोच आहे. एकाने कापायचं, दुसऱ्याने उचलायचं."

ह्यांची वडी तोंडापाशीच थांबली. मग ती खाल्ली. मग उठले, दिवाणाखालून पाट काढला आणि दिवेलागणीपर्यंत त्याच्यापुढे बसले. स्वतःशीच खेळत होते, फिरवत होते, मान हलवत होते. मी देवापुढे दिवा लावायला गेले तेव्हा वर बघून म्हणाले, "वडी छान झालीय."

एवढंच.

खेळ छापायला घेतला त्या हॉलमधल्या मुलांनी. दिवाळीनंतर खोकी आली आणि त्याच हॉलमध्ये छोटासा समारंभ झाला. हे उभे राहिले, पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट. त्या मुलीने विचारलं, "काका, तो बोर्ड फिरवून बाजू बदलायचा रूल, तो सुचला कसा?"

"गंमत आहे," हे म्हणाले. "स्वयंपाकघरात सुचला. बायको वड्या कापत होती. मी नुसता बघत बसलो होतो आणि एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला."

टाळ्या. मग म्हणाले, "आणि आमच्या सौभाग्यवतींचे आभार मानायलाच हवेत. ह्या सगळ्या काळात तिने माझ्या कामात जरासुद्धा ढवळाढवळ केली नाही." पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जोरात. ती मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आंटी, सो स्वीट ना!" मी हसले. दात दिसले की लोक हसणं धरतात.

मला सगळ्यात काय झोंबलं ते सांगते. हे खोटं बोलत नव्हते. मी त्यांना चांगली ओळखते, खोटं बोलताना कानाची पाळी चोळतात. त्या दिवशी हात खाली होते. त्यांना खरंच तसंच आठवत होतं: वड्या, सुरी, लख्ख प्रकाश. माझं बोलणं त्यात नव्हतंच. चोरलं असतं तर भांडता तरी आलं असतं. चोराला निदान माहीत असतं की वस्तू दुसऱ्याची आहे.

संध्याकाळी घरी आलो. हे खुशीत होते, कपडेसुद्धा बदलले नाहीत. खोकं फोडून नवा पाट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ये गं. पहिला डाव आपण दोघं."

मी बसले. दाणे भरले. ह्यांचा हात सवयीने गेला तो डावीकडून दुसऱ्या घरावर. तीच खेळी, लाल दाणा शेवटी, जिच्यापुढे मी इतकी वर्षं हरले. खेळून मागे टेकले. मी पाटाच्या कडेला बोटं लावली.

ह्यांनी वरून पंजा ठेवला. "अगं, हे काय?"

"बाजू बदलतेय. नियम आहे ना."

"आपल्या दोघांत कशाला हवा तो नियम?" हे हसून म्हणाले. "तो बाहेरच्यांसाठी आहे."

"मग मला बाहेरची समजा," मी म्हटलं आणि ह्यांचा हात बाजूला करून पाट फिरवला. छान फिरला. बनवलाय चांगला, म्हटलं ना मघाशी.

पुढे मला काही विचार करावा लागला नाही. ह्यांच्या सगळ्या चाली मला पाठ होत्या. हरणाऱ्याला जिंकणाऱ्याच्या चाली जिंकणाऱ्यापेक्षा जास्त पाठ असतात. हे आधी भरभर खेळत होते, मग हळू झाले, मग घर उचलायच्या आधी दाणे बोटाने चाचपायला लागले. शेवटी ह्यांची ओळ रिकामी आणि माझ्यापुढे ढीग. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटत होतं. आईला, बहिणींना, सगळ्यांना हाक मारून सांगावं असं वाटत होतं.

ह्यांनी ढिगाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग टाळी वाजवून हसले आणि म्हणाले, "चला! पहिला डाव देवाला!"

लहान मुलं म्हणतात तसं. पहिला डाव देवाला, म्हणजे तो धरायचा नाही. आणि दोन्ही हातांनी माझा ढीग ओढून घेतला.

"देवाला मी पुष्कळ दिलंय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "हा माझा आहे."

"बरं बाई, तुझा. चिडतेस काय? खेळच आहे," असं म्हणत ह्यांनी दाणे चार चार करून पुन्हा घरांमधून भरले आणि डावीकडून दुसऱ्या घरात हात घातला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हारली तिचा डाव आधी. ह्या वेळी हरले होते ते. माझ्या गावच्या नियमानेसुद्धा पहिली खेळी ह्यांचीच होती.